नदीपलीकडून आणलेली लाईट

सरकारची धोरणं चांगली असतात. हे मी टोमणा मारण्यासाठी लिहीत नाही. वायरमन म्हणून आयुष्यभर खांबांवर चढलो-उतरलो, अर्धी नोकरी दौंड तालुक्यात, अर्धी शिरूरमध्ये, आणि या काळात वरून आलेलं एकही धोरण मला वाईट हेतूनं आखलेलं दिसलं नाही. कागदावर ते सरळ असतं. खाली येता येता त्याला आमच्यासारखी माणसं भेटतात, आमची जुनी कामं भेटतात, आणि मग त्याचं काय व्हायचं ते होतं. पूर्वी मला याचा राग यायचा, आता नुसता थकवा येतो. जी गोष्ट सांगायची आहे ती माझ्या थोरल्या बहिणीची आहे, आणि खरं बोलायचं तर माझ्या चुकीची आहे.

निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, सुटलो. पण गावात वायरमन निवृत्त होत नसतो. कुणाची डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, उडाली, कुणाचा स्टार्टर अडकला, की "आप्पा हायत का घरात?" असा आवाज अंगणातून येतोच. आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, भीमेच्या काठावरचं. नदी ओलांडली की दौंड. दोन्हीकडं ऊस, मधूनमधून कांदा आणि गहू. शेतीच्या मोटरींना थ्री फेज लाईट पाळीनं यायची, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि बाकीचे रात्री. रात्रीची पाळी आली की पाणी रात्रीच धरायचं. पुण्यातल्या माझ्या एका पाहुण्यानं विचारलं होतं, टायमर का लावत नाही? मोटर टायमरवर चालू होईल हो. पण सरी भरली की तिचं तोंड बांधून पुढच्या सरीचं तोंड उघडायला फावडं घेऊन माणूसच उभा लागतो, तोही गुडघाभर चिखलात.

त्यात उसात बिबट्या राहायला आला. आधी तो जुन्नरकडचा पाहुणा होता, आता आमचाच रहिवासी झाला आहे. त्याची पिल्लं उसातच जन्मतात आणि उसातच मोठी होतात.

माझी बहीण गावातच दिलेली. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. तिची वस्ती गावापासून लांब, नदीच्या वळणात, तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला ऊस. काही हिवाळ्यांपूर्वी तिचे मालक, म्हणजे आमचे दाजी, गव्हाला पाणी देत होते. वाफ्याचं तोंड बांधायला ते खाली वाकले आणि मागून बिबट्यानं झडप घातली. वनखात्याचा माणूस नंतर म्हणाला, वाकलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो, उभा असता तर अंगावर आला नसता. आता पाणी धरताना कोण ताठ उभा राहतो? अंगावर जाड घोंगडी होती म्हणून मान वाचली. खांदा फाटला. जखम भरली, पण हात खांद्याच्या वर जात नाही. दिवे लागले की दाजी घराचा उंबरा ओलांडत नाहीत. त्यांना कुणी काही म्हणत नाही, मीही कधी म्हटलं नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा सणसवाडीला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो, तिथंच खोली घेऊन राहतो. साप्ताहिक सुट्टीला येतो. त्या दिवशी लाईट असेलच असं नाही. मग उरली आक्का. साठी ओलांडलेली बाई, कपाळाला बॅटरी बांधून, हातात फावडं घेऊन रात्रीचं पाणी धरायला लागली. माणसाचा आवाज ऐकला की बिबट्या लांब राहतो असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून ती मोठमोठ्यानं बोलत राहायची. मी एकदा विचारलं, एकटी काय बोलतेस? तर हसून म्हणाली, "तुला शिव्या देते. लाईटवाल्याची भन आसून मला ह्यो ताप."

अशा वेळी सौर वाहिनीची योजना गावात आली. शेतीच्या मोटरी सूर्यावर चालवायच्या, म्हणजे आपोआपच दिवसा चालवायच्या, असं राज्य सरकारनं ठरवलं होतं. सबस्टेशनच्या जवळ सरकारी पडीक जमीन असेल तर तिथं सोलरच्या प्लेटा बसवायच्या आणि ती वीज थेट शेतीच्या फीडरवर सोडायची. फीडर म्हणजे सबस्टेशनातून निघालेली मुख्य तार. त्या तारेवर जितक्या डीपी, जितक्या मोटरी, त्या सगळ्यांना लाईट एकाच वेळी येते आणि एकाच वेळी जाते. आमच्या सबस्टेशनला लागूनच गावाचं गायरान आहे. जागा म्हणाल तर जशी योजनेसाठीच राखून ठेवलेली.

मी मनापासून खूश झालो. लोडशेडिंगच्या काळात लोकांनी मला डीपीला बांधायचं बाकी ठेवलं होतं. रात्रीच्या पाण्यापायी साप चावलेली, शॉक लागलेली माणसं मी खांद्यावरून गाडीत घातली आहेत. ती रात्रच काढून टाकणारी योजना कुणीतरी आखली, याचं मला अप्रूप वाटलं.

पण गायरान मोकळं नव्हतं. म्हणजे सातबाऱ्यावर मोकळं होतं, प्रत्यक्षात तिथं शेळ्या-मेंढ्या चरायच्या. ग्रामसभेचा ठराव लागणार होता आणि शेळ्या असलेली घरं कुरकुर करत होती. सरपंच घरी आले. म्हणाले, "आप्पा, तुमी समजावून सांगा. लाईटीचं तुमी बोलला तर लोकं ऐकत्यात. आमी बोललो की राजकारण व्हतं."

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी खात्यातला एक तरुण इंजिनिअर सरपंचांबरोबर आला होता. त्यानं पिशवीतून कागद काढला आणि म्हणाला, आप्पा, या फीडरवर कुठल्या कुठल्या वस्त्या येतात त्याची ही यादी, एकदा नजर टाका. मी कागद हातातसुद्धा घेतला नाही. म्हणालो, "सायेब, मला यादी काय दाखवताय? ह्यातला एकेक खांब मी हुबा केलाय." सरपंच हसले. इंजिनिअरही हसला आणि त्यानं कागद परत पिशवीत ठेवला. तो कागद मी त्या दिवशी वाचला असता तर हे लिहायला बसलोच नसतो.

ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोरच्या सभामंडपात भरली. पुरुष सतरंजीवर, बायका खांबांपलीकडं. मी उभा राहून सांगितलं की दिवसा आठ तास सलग लाईट मिळेल, रात्रीचं पाणी कायमचं बंद होईल, आपल्या गावच्या प्रत्येक मोटरीला मिळेल. प्रत्येक मोटरीला, हे मी दोनदा म्हटलं. एक म्हातारा मेंढपाळ उठला आणि म्हणाला, "आप्पा, त्या प्लेटांखाली गवात उगवंल का? आन् उगवलं तर कुंपनाच्या आत माझी मेंढी कशी जाईल?" मी म्हणालो, काही मिळवायचं तर काही सोडावं लागतं. असलं वाक्य बोलायला सोपं असतं, सोडायचं दुसऱ्याला असतं तेव्हा तर फारच सोपं.

सभा घुटमळली. सरपंच माझ्याकडं बघायला लागले, आणि मी बायकांच्या बाजूला, आक्काकडं बघितलं. तिच्या सात-आठ शेळ्या त्याच गायरानात चरायच्या, ओढ्याच्या वाटेनं ती त्यांना रोज घेऊन यायची. नदीकाठी सगळा ऊस, दुसरीकडं न्यायला जागा नव्हती. मी बघतोय हे तिनं पाहिलं. पदर सावरून उभी राहिली.

"माझी बी शेरडं तिथंच चरत्यात," ती म्हणाली. "पर आमच्या घरात काय झालं ते समद्यांला म्हाईत हाय. दिवसा लाईट मिळनार आसंल तर शेरडं ऱ्हाऊ द्यात. माझा हात वर हाय."

त्यानंतर कोण काय बोलणार? दाजींचा खांदा गावानं बघितला होता. मेंढपाळ खाली बसला. ग्रामसेवकानं ठराव लिहिला, त्यात अनुमोदक म्हणून आक्काचं नाव घातलं आणि तिची सही घेतली. तिला सही करताना बघून माझी छाती फुगली होती. ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

त्यानंतर सगळं भराभर झालं. मोजणी झाली, जेसीबीनं बाभळी काढल्या, तारेचं कुंपण आलं. काम करायला झारखंडकडची पोरं आली होती, त्यांनी उन्हात लोखंडी खांब रोवले. आक्कानं शेळ्या शिरूरच्या बाजारात नेऊन विकल्या. एक पाट, म्हणजे तरणी शेळी, तेवढी ठेवायची म्हणत होती, पण एकीला चारायला कोण जाणार म्हणून तीही दिली. "तुज्या लाईटीपायी दिली बघ," मला म्हणाली, पण चिडून नाही.

ज्या सकाळी लाईट सोडली त्या सकाळी माझा फोन वाजायचा थांबेना. नऊच्या सुमारास सगळ्या शिवारात एकदम मोटरी सुरू झाल्या. माझी स्वतःची जमीन त्याच फीडरवर आहे. मुलगा आणि सून शेतात होते, सुनेनं व्हिडिओ पाठवला, पाइपातून पाणी पडतंय आणि मागं लख्ख ऊन. मी पेढे आणले. सरपंचांना दिले, सबस्टेशनच्या ऑपरेटरला दिले, आणि दुपारी पुडा घेऊन आक्काच्या वस्तीवर गेलो.

ती मोटरीच्या खोलीसमोर बसली होती. खोलीचं दार उघडं आणि नजर आत स्टार्टरवर. सकाळपासून तिथंच होती. कांद्याच्या वाफ्यांची तोंडं तिनं आधीच नीट करून ठेवली होती, दाजीही खुर्ची घेऊन सावलीत येऊन बसले होते. मला बघून म्हणाली, "आमच्यात आजून आली न्हाई रं. फ्यूज गेला आसंल. तू बघ की जरा."

मी डीपीजवळ गेलो. फ्यूज तिन्ही शाबूत. मग सवयीनं नजर वर गेली, तारेवर, तारेवरून पुढच्या खांबावर, त्याच्या पुढच्या खांबावर. वायरमनची नजर अशीच जाते, बिघाड सापडेपर्यंत. ती नजर दरडीवरच्या उंच खांबावर गेली आणि तिथून नदीपलीकडच्या दुसऱ्या उंच खांबावर. ते दोन्ही खांब मीच उभे केले होते. मी तिथंच डीपीच्या ओट्यावर बसलो.

त्या खांबांची हकीकत अशी. आक्काच्या वस्तीला पूर्वी लाईटच नव्हती, डिझेल इंजिनावर चालायचं. गावाकडून लाईन न्यायची तर खांब फार लागत होते, आणि आमचा फीडर त्या काळी इतका लादलेला होता की डीपी सारखी जळायची. माझी बदली तेव्हा दौंडच्या बाजूला होती. त्या बाजूचा फीडर नवा, व्होल्टेज दमदार, आणि लाईन थेट नदीच्या काठापर्यंत आलेली. वस्तीजवळ भीमा अरुंद होते, दोन्हीकडं उंच दरडी. मी तिथल्या साहेबांच्या मागं लागलो, कागद फिरवले, आणि दोन उंच खांब टाकून तारा नदीवरून अलीकडं ओढल्या. असं काम कुणाचं होत नव्हतं, माझ्या बहिणीचं झालं. त्या दिवाळीत भाऊबीजेला आक्कानं ओवाळलं तेव्हा मी ताटात काही घातलं नाही. म्हणालो, जा, स्टार्टरचं बटण दाब, तीच ओवाळणी. वस्ती शिरूरची आणि लाईट दौंडची, असं मी पुढं कित्येक वर्षं चारचौघांत फुशारकीनं सांगत होतो. आणि ग्रामसभेत प्रत्येक मोटरीला म्हणताना तेच माझ्या ध्यानात आलं नाही. स्वतः ओढलेली तार माणसाला आपल्याच गावाची वाटते.

त्या दुपारी मी तिला एवढंच म्हणालो, "बगतो. सबस्टेशनला इचारतो." पेढे दाजींच्या हातात दिले आणि निघालो.

मग माझ्या चकरा सुरू झाल्या. आमच्याकडच्या ऑफिसात सांगितलं, ग्राहक नंबर दौंडचा आहे, आमच्या हातात काही नाही. दौंडला गेलो. तिथं म्हणाले, इकडचा फीडरही सौरवर घ्यायचा आहे, पण इकडच्या गायरानाचा वाद आहे, जागा ठरली की होईल. मी म्हटलं, मग ती वस्ती शिरूरच्या फीडरवर घ्या. तर म्हणाले, त्याला नवी लाईन लागते, दोन-तीन जणांच्या उसातून खांब जातात, त्यांची संमती लागते, दोन्हीकडच्या साहेबांची मंजुरी लागते. शिवाय आमच्या फीडरवर जेवढ्या मोटरी होत्या तेवढ्यांचा हिशेब धरून प्लेटा बसवलेल्या, नवीन भार घ्यायला वरून विचारावं लागेल. मग कुणीतरी सुचवलं, सरकार स्वतंत्र सौरपंपही देतं, तो घ्या. ऑनलाइन अर्ज करायला गावातल्या सेवा केंद्रावर बसलो. तिथल्या पोरीनं माहिती भरली आणि मान हलवली. "मामा, हितं आधीच वीजजोडणी दिसतीय. जोडणी नसनाऱ्यालाच पंप मिळतो."

म्हणजे दोन्ही दारं बंद, आणि दोन्हीला कडी माझीच. मी जोडणी आणून दिली नसती तर तिला पंप मिळाला असता. गावाकडून आणली असती तर दिवसा लाईट मिळाली असती. जोडणी तोडून मग अर्ज करा, असंही एकानं सांगितलं. पंप कधी येईल ते सांगता येत नव्हतं, आणि तोपर्यंत उभ्या पिकानं काय करायचं हेही.

ऑफिसातली माणसं माझ्याशी वाईट वागली नाहीत. जुना माणूस म्हणून खुर्ची द्यायची, चहा मागवायची. आणि शेवटी म्हणायची, "वर कळवलंय आप्पा, होईल." हे वाक्य मी नोकरीत किती जणांना ऐकवलं असेल! उन्हात सायकल मारत आलेल्या माणसाला ते सांगून मी खिडकी लावून घ्यायचो. ते ऐकून माणूस घरी कसा जातो हे मला आता कळलं. पाय जड होतात, बाकी काही होत नाही.

या सगळ्यात उन्हाळा गेला, पाऊस गेला. आक्का भेटली की विचारायची, "काय झालं रं?" मी म्हणायचो, "काम चालू हाय." खरं कारण मी तिला सांगितलंच नाही. तिला वाटायचं साहेब लोक मुद्दाम अडवतायत. मला वाटायचं, लाईट आली की सांगून टाकू, मग त्याचं काही वाटणार नाही.

एका सकाळी मी वस्तीवर गेलो तर ती कांद्यातलं गवत काढत होती. उकिडवी बसून पुढं सरकत होती. डोळे सुजलेले, आदल्या रात्रीची पाळी होती. मला बघून हात न थांबवता म्हणाली, "येत्या ग्रामसभेला मी येनार हाय. सरपंचाला समद्यांम्होरं इचारनार. माझी सही घेतली, माझं गायरान घेतलं, आन् मला आंधारात ठिवलं. माझं नाव काढा म्हननार ठरावातनं. आन् त्या सायबाला बी सोडनार न्हाई. तू किती येळा त्याच्या दारात गेलास, त्याला लाज कशी न्हाई?"

तेव्हा मला गप्प राहता येईना. मी तिच्यासमोर वाफ्याच्या वरंब्यावर बसलो. म्हणालो, "आक्का, सायबाची चूक न्हाई. सरपंचाची बी न्हाई. चूक माझी हाय." आणि सगळं सांगितलं. फीडर म्हणजे काय ते सांगितलं, तिची तार कुठून येते ते सांगितलं, इंजिनिअरनं यादी दाखवली आणि मी ती बघितली नाही हेही सांगितलं. तिला म्हणालो, तू हात वर केलास तेव्हा तुला काही मिळणारच नव्हतं, आणि ते मला ठाऊक असायला पाहिजे होतं.

ती ऐकत होती आणि गवत काढत होती. मी थांबलो तरी तिचा हात चालूच होता. त्या वाफ्याच्या टोकापर्यंत गेली, मुळासकट उपटलेलं गवत एका जागी गोळा केलं, हाताची माती झटकली. रडली असती, ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. माझ्याकडं बघून म्हणाली, "मंग आता तू ये पानी धरायला."

मी गेलो. त्या हिवाळ्यात रात्रीची पाळी आली की मी वस्तीवर जायचो. गव्हाच्या तीन पाळ्या आणि कांद्याच्या काही मी दिल्या. पस्तीस वर्षं लोकांना रात्रीची लाईट सोडणारा मी, पाणी धरायला पहिल्यांदाच उभा राहिलो. चिखल इतका गार असतो हे मला माहीत नव्हतं. पाचोळा वाजला की छातीत कसं होतं हेही माहीत नव्हतं. आक्का झोपायला जायची नाही. मोटरीच्या खोलीपाशी बसून माझ्याशी मोठ्यानं बोलत राहायची, बिबट्यासाठी.

मग एकदा पाटावरून पाय घसरला आणि गुडघा दुखावला. डॉक्टरनं सूज उतरेपर्यंत बसून राहायला सांगितलं. मुलानं आकांडतांडव केलं, या वयात हे काय, तुम्हाला काही झालं तर? मी त्याला विचारू शकलो असतो की आत्याचं वय काय. विचारलं नाही. सूज उतरली तरी मी परत गेलो नाही. आधी गुडघ्याचं निमित्त होतं, मग थंडीचं, मग नुसतीच टाळाटाळ. मी भ्यालो होतो, हे खरं आहे. आक्कानं एकदा फोनवर विचारलं, "गुडगा कसा हाय?" मी म्हणालो, दुखतो. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे मंग." पुन्हा तिनं मला कधी बोलावलं नाही. ग्रामसभेलाही गेली नाही. माझं नाव निघालं असतं ना तिथं, म्हणून नसेल गेली.

योजना चांगली चालली आहे. ढग आले की कधी दाब कमी पडतो, पण गावातली माणसं रात्री झोपतात. माझा मुलगा झोपतो. पेपरात आमच्यासारख्या गावांची बातमी येते, त्यात काही खोटं नसतं. माझी सून सकाळी डबा उरकून दहाला पाणी धरायला जाते आणि चारला घरी येते. नदीपलीकडच्या जागेचा वाद अजून चालू आहे. मी महिन्यातून एकदा दौंडला जाऊन विचारून येतो. आता चहा मागवत नाहीत, तरी जातो.

परवाची गोष्ट. आक्का आमच्या शेतावर आली होती, पुतण्याचं लग्न ठरलं होतं, त्याच्या सुपारीचं सांगायला. सून उसाला पाणी देत होती, मी बांधावर लिंबाखाली बसलो होतो. आक्का माझ्याशेजारी बसली. सुपारीचं सांगितलं, सुनेला दोन शब्द शिकवले, पाणी इतकं सुसाट सोडू नको, वरंबा फुटेल म्हणून. मग बोलता बोलता गप्प झाली. बघतो तर खोडाला टेकून झोप लागलेली, तोंड किंचित उघडं, डोक्यावरचा पदर खाली आलेला. रात्रपाळीचा आठवडा होता. सून चहाला उठवायला निघाली, मी हातानंच नको म्हटलं. मोटर चालू होती, पाटाला पाणी भरून वाहत होतं. मी तिथं अर्धाएक तास बसून राहिलो.

कशानं तरी मोटरीचा आवाज थोडा बदलला, आणि ती दचकून जागी झाली. डोळे नीट उघडलेसुद्धा नव्हते, तरी एक हात जमिनीला टेकवून उठायला लागली, पायानं चपला चाचपायला लागली. "लाईट आली का रं? आली का?"

"बस, आक्का," मी म्हणालो. "ही आमची हाय. तुजी रातीला."